ढोलकी येते, बाई येत नाही

आमच्या घरात त्या वर्षी आई आणि आबा एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण चालू होतं असंही म्हणता येणार नाही, कारण भांडायला तोंड उघडावं लागतं. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "नंदे, तुझ्या बापाला सांग, जेवण झालंय." बाप तिच्यापासून हातभर लांब, भिंतीला टेकून बसलेला. नंदा माझी धाकटी बहीण. ती पुस्तकातून मान वर करून ओरडायची, "आबा, जेवायला या." आबा मला म्हणायचे, "तुझ्या आईला सांग, बसतो." मी सांगायचो नाही, कारण आईला ते ऐकू गेलेलंच असायचं. मग ताट पुढं सरकायचं. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, कधी सुकटाची चटणी, शेजारी फोडलेला कांदा. ताटात काही कमी नसायचं. आई रागावलीय म्हणून कधी मीठ जास्त पडलं नाही. मला तेच जास्त लागायचं. माणूस रागात असून भाकरी तशीच गोल येते, म्हणजे राग फार खोल गेला, असं मी तेव्हा समजायचो आणि अजूनही समजतो.

आबा मुंढव्याकडच्या एका कारखान्यात हातोडा खात्यात होते. लालभडक लोखंडावर हातोडा पडायचा, तो माणसाच्या हातातला नाही, मशीनचा, खोलीएवढा. लहानपणी डबा घेऊन गेलो होतो तर फाटकाशी उभ्या उभ्या पायाखालची जमीन हलत होती. आबा कानात कापूस घालून आत जायचे आणि दुपारी तो काढून टाकायचे, घाम आला की खाजतो म्हणायचे. सगळी जवानी त्या खात्यात गेली. मग काळ बदलला. बाहेरच्या देशांतून नवीन मशिनं आली, जुन्या माणसांना हार घातले, नारळ दिला, आणि स्वेच्छानिवृत्ती घ्या म्हणाले. आबा म्हणायचे, "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी." घरी बसल्यावर त्यांच्या हाताला एकच काम उरलं, ते म्हणजे ढोलकी.

आमच्या वस्तीची गायन पार्टी होती. जयंतीला, लग्नांना, विहाराच्या कार्यक्रमाला आमची पार्टी जायची. आई गायची, आबा ढोलकीवर, चुलते पेटीवर आणि मागं कोरसला, आणि माइक, भोंगे, वायरी सगळं माझ्याकडं. मी शाळेत सातवीपर्यंत गेलो. सातवीत दुसऱ्यांदा बसलो तेव्हा मास्तर म्हणाले, तिसऱ्यांदा बसायचं असेल तर घरी बस. पण वायर मला कुणी शिकवली नाही. कुठला आवाज कुठं अडलाय हे मला हात लावला की कळायचं, आणि हे मी बढाई म्हणून लिहीत नाही, गाडीतळावर कुणालाही विचारा. आईला अक्षर येत नव्हतं, पण गाणी तीच रचायची, भांडी घासताना. तिचा आवाज बारीक होता. बारीक म्हणजे दुबळा नव्हे. सुई कापडातून जाते तसा तो गर्दीतून जायचा. लग्न झाल्यापासून आबांनी त्या आवाजावर ढोलकी धरली होती. वस्तीतली म्हातारी माणसं म्हणायची, बाई श्वास घेते तिथं ह्याचा हात आपोआप उचलतो.

आईचं एक गाणं होतं, पाटी मागणाऱ्या मुलीचं. मुलगी भावाच्या मागं लागते, मला पण शाळेत ने. शेवटच्या कडव्यात सगळं थांबायचं, पेटी, कोरस, ढोलकी, आणि आई एकटी ओळ घ्यायची, "पाटी माझी कोरी हाय, दादा, पहिलं अक्षर तू काढ." हळू घ्यायची, अगदी बारीक सुरात. ओळ संपली की आबांची थाप पडायची आणि मांडवातली माणसं उठून उभी राहायची. लहानपणापासून मी त्या थापेची वाट बघत आलोय. त्या जयंतीला चौकात मांडव भरलेला. आईनं ओळ घेतली, आणि ती अर्ध्यावर असतानाच आबांची ढोलकी सुरू झाली, चांगली जोरात. आईचा आवाज खाली गेला. आईनं वळून बघितलं, तरी आबा वाजवतच होते. पुढं बसलेली पोरं हसली. कुणीतरी ओरडलं, "मावशी, काकांना घरी काही बोललात का?" आईनं माइक स्टँडला लावला, पदर सारखा केला आणि ती खाली उतरून घरी गेली.

आबा घरी आल्यावर तिनं दारातच विचारलं, "चारचौघांत माझा गळा दाबलात तुम्ही. कशासाठी?"

ती पुढं होऊन, हातवारे करून बोलत होती. आबा म्हणाले, "तू गायलीच न्हाईस. मी थांबलो, वाट बघितली. तू नुसती उभी. लोकांसमोर तुझी फजिती नको म्हणून मी हात टाकला."

"मी नुसती उभी? मी गात व्हते."

"गात व्हतीस तर मला ऐकू आलं नसतं?"

"घरी बसल्यापासून तुमाला माझा आवाजच नको झालाय. मी हाक मारते, वळून बघत न्हाई. पोरानं हाक मारली की लगेच ओ. मला काय कळत न्हाई व्हय?"

त्यानंतर दोघं गप्प झाली ती झालीच. आई गाण्याला जाईना. आबांची ढोलकी खुंटीला लागली. चुलते येऊन दोघांना वेगवेगळं समजावून गेले आणि दोघांकडून वेगवेगळं ऐकून गेले.

हे लिहिताना मला कळतंय की वाचणाऱ्याला सगळं एव्हाना लक्षात आलं असेल. आम्हाला आलं नाही. दूध उतू जायचं आणि आबा शेजारी बसून असायचे, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आणि ते उठायचे नाहीत. आम्ही म्हणायचो, हट्ट आहे. आबा हट्टी, त्यांचा बाप हट्टी, मी हट्टी. घरातल्या माणसाचा स्वभाव एकदा पाठ झाला की आपण त्याच्याकडं नवीन डोळ्यांनी बघतच नाही. हट्टी हा एक शब्द आम्हाला सगळ्याला पुरायचा.

त्या दिवशीची कॅसेट माझ्याकडं होती. माइकच्या मिक्सरमधून मीच भरली होती. म्हटलं, आता वादच नको. घरातल्या टेपवर लावली. त्याचा स्पीकर फाटका, त्यात आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. आई लांबून म्हणाली, "नंदे, तुझ्या बापाला विचार, हाय का न्हाई माझी ओळ." आबा टेपला कान लावून बसले. संपल्यावर म्हणाले, "ढोलकी येते, बाई येत न्हाई." मी म्हणालो, आबा, टेप जुना आहे, मी तुम्हाला चांगल्या मशीनवर ऐकवतो. ते मी नुसतं म्हणालो नाही, मनावर घेतलं. घरात आवाजाचा माणूस मी. आईची ती ओळ आबांच्या कानात मी घालीन, मग दोघं बोलतील. दुसरा कुठला उपाय माझ्याकडं नव्हता आणि दुसरी विद्याही नव्हती.

गाडीतळाजवळ पत्र्याच्या टपरीत माझं दुकान होतं. गाड्यांना टेप आणि स्पीकर बसवायचं. शहरात तेव्हा पैसा नवा नवा आला होता. ज्यांच्या घरात सायकल होती त्यांच्या दारात चारचाकी आली, आणि गाडी आली की पहिल्याच आठवड्यात तिच्यात आवाज पाहिजे. रिक्षावाल्यांपासून कॉम्प्युटरवाल्यांपर्यंत सगळे यायचे. कोथरूडचे एक साहेब परदेशात राहून आले होते. येताना तिकडून लाकडी खोक्यातला सबवूफर, म्हणजे नुसत्या जाड, घुमणाऱ्या आवाजाचा मोठा स्पीकर, घेऊन आले. आमच्या धंद्यात सगळे त्याला बफर म्हणायचे. मी तो त्यांच्या डिकीत बसवून दिला. थोड्याच दिवसांत साहेब परत आले, या वेळी बायको बरोबर. बाई म्हणाल्या, "हे काढा. आम्ही मंडईत भाजी आणायला जातो, वाजवायला नाही." मी साहेबांकडं बघितलं. साहेब म्हणाले, "काढा." बफर घरी नेला तर रोज दिसेल म्हणून त्यांनी तो माझ्याकडंच सोडला. माझ्याकडं एक जुनी पांढरी व्हॅन होती, पार्टीचं सामान न्यायला घेतलेली. बफर मी तिच्यात मागं बसवला.

पहिल्यांदा आबांना त्यात बसवलं तो दिवस मला आठवतो. संध्याकाळची वेळ, टपरीसमोर व्हॅन उभी. कॅसेट लावली आणि आरसा थरथरायला लागला. आबांचा चेहराच बदलला. घरी बसल्यापासून मी तो चेहरा बघितला नव्हता. सीटवर हात आपटून म्हणाले, "हां. ही बघ. ही माझी डावी बाजू. हा हात माझा." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ढोलकीचं जाड अंग त्यांना सीटमधून, पाठीतून, पोटातून ऐकू येत होतं. नंतर ती ओळ आली आणि ते म्हणाले, "बघ, बाई न्हाई." आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही ती नीट ऐकू आली नाही. सबंध गाण्यात बफरनं आईला गिळलं होतं.

त्याचं कारण मला माहीत होतं. बफर गाडीत आणणं म्हणजे घरात पैलवान जावई आणण्यासारखं आहे, मग बाकीचं घरही त्या मापाचं लागतं. दारातले माझे स्पीकर साधे, कागदी. त्यांना ताकद टेपमधली, तुटपुंजी. बफरच्या बरोबरीनं ते ओरडायला गेले की फाटायचे, आणि बफर कमी करावा तर तो असून नसल्यासारखा. त्याला जोड पाहिजे. मी दारांची पॅनलं उतरवली. आतला पत्रा वाजू नये म्हणून डांबरी शीट चिकटवली. चांगले स्पीकर आणले, बारीक आवाजाला वेगळे छोटे ट्विटर आणले, आणि या सगळ्यांना चालवायला वेगळा अँप्लिफायर सीटखाली बसवला. बॅटरीपासून जाड वायर ओढली. दारातल्या स्पीकरकडं जाणारा जाड आवाज काटला आणि तो सगळा बफरकडं लावला, म्हणजे ज्यानं त्यानं आपापलंच काम करायचं, दुसऱ्याच्या अंगावर जायचं नाही. गिऱ्हाईक यायचं, मी म्हणायचो उद्या या. ट्विटर मी डॅशबोर्डच्या कोपऱ्यांत बसवले आणि त्यांची तोंडं ड्रायव्हरशेजारच्या सीटकडं वळवली. असं गिऱ्हाइकाच्या गाडीत मी कधी केलं नव्हतं. गाडी गाडीसाठी लावतात. ही गाडी मी एका माणसाच्या कानासाठी लावली.

आता नातवाच्या गाडीत सगळं कारखान्यातूनच बसून येतं. बटण दाबलं की पडदा विचारतो, आवाज कसा हवा. माझ्या धंद्याची कुणाला गरज उरली नाही आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. पण त्या व्हॅनसारखी एकही गाडी मी पुढं ऐकली नाही, हे मात्र कुणीही समोर येऊन खोडून दाखवावं.

सगळी जोडणी झाल्यावर पहिल्यांदा नंदाला बसवलं. ती तेव्हा कॉलेजात होती, कॉम्प्युटरच्या क्लासला जायची, माझ्या धंद्याला धडधड म्हणायची. ओळ आली तशी तिनं डॅशबोर्डच्या कोपऱ्याला हात लावला. म्हणाली, "दादा, तिचा श्वाससुद्धा येतोय रे." मी म्हणालो, येणारच. मनात म्हटलं, झालं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी आबा बसले. ढोलकीला मान डोलावली, ओळ आली, गेली. म्हणाले, "ढोलकी येते, बाई येत न्हाई." मी ट्विटरचा आवाज वाढवला. परत लावलं. तेच. अजून वाढवला, माझे दात शिवशिवायला लागले, शेजारच्या टपरीतला चहावाला कानावर हात ठेवून म्हणाला, "अरे बाबा, काच फुटेल." आबा शांत बसलेले, जसं काही कुणी खिडकीबाहेर बोलतंय. म्हणाले, "नुसती ढोलकी हाय."

मी म्हणालो, "आबा, तुम्ही मुद्दाम करताय."

ते माझ्याकडं बघत राहिले. "मी खोटं बोलतोय? तू पण तिच्याच बाजूचा?" असं म्हणून दार उघडून उतरले आणि गर्दीतून घराकडं चालत गेले. मागून बसचा हॉर्न वाजला, रिक्षावाले ओरडले, ते आपल्या चालीनं चालत राहिले.

मग नंदानं आईला गळ घातली. म्हणाली, तू स्वतः त्यांच्याबरोबर बस, ते तुझ्यादेखत नाही म्हणूच शकणार नाहीत. आई आधी नाही म्हणाली. नंतर एका रविवारी सकाळी तयार झाली. कार्यक्रमात नेसली होती तेच पांढरं लुगडं नेसली, केस चापून बसवले. कोर्टात साक्षीला निघालेल्या बाईसारखी ती व्हॅनमध्ये मागच्या सीटवर बसली, नंदा तिच्याशेजारी. आबा पुढं. मी गाडी कालव्याच्या काठाला नेली, कारण तिथं रहदारी नव्हती. एका बाजूला वाफे होते, दुसऱ्या बाजूला कुठल्या तरी काचेच्या इमारतीचे खांब उभे राहत होते, पण रविवार असल्यामुळं तेही गप्प होते. इंजिन बंद केलं. कॅसेट लावली.

गाणं शेवटच्या कडव्याला आलं. सगळं थांबलं. आणि आईचा आवाज आला, डॅशबोर्डच्या कोपऱ्यातून, इतका स्वच्छ की मला वाटलं ती पुढं बसलीय. "पाटी माझी कोरी हाय, दादा." मग तिच्यावर ढोलकी पडली, बफरमधून, आणि सीट हादरली. मी टेप थांबवला.

आबा माझ्याकडं वळले. "बघ. मी थांबलोय. किती वेळ थांबलोय. आणि ती गप. ऐकलंस ना आता तू?" त्यांच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता. खोट्या आरोपातून सुटलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

मागून आई म्हणाली, "अहो."

किती दिवसांनी तिनं त्यांना हाक मारली होती. आबा माझ्याकडंच बघत होते. "बोल की. ऐकलंस ना?"

"अहो, इकडं बघा," आई म्हणाली, नेहमीच्या आवाजात. आबा वळले नाहीत. नंदानं ओरडून हाक मारायला तोंड उघडलं तर आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. मला आरशात दिसलं ते.  मग आई मला म्हणाली, "परत लाव."

मी परत लावलं. आई गाणं ऐकत नव्हती. ती आबांच्या मानेकडं बघत होती. तिची ओळ आली, आबांची मान हलली नाही. ओळीवर त्यांची स्वतःची थाप आली आणि मांडीवर त्यांची बोटं चालायला लागली. आईनं दार सरकवलं आणि ती उतरली. व्हॅनला वळसा घालून पुढं आली, आबांच्या बाजूचं दार उघडलं आणि त्यांच्या तोंडासमोर उभी राहिली.

"तुमचंच खरं," ती म्हणाली. हळू, एक एक शब्द, आणि जाड आवाजात, जो आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "मी ओळ विसरले व्हते त्या दिवशी."

"आई, काय बोलतेस तू?" नंदा म्हणाली.

"तू गप बस." आणि परत आबांना, "विसरले. लाज वाटली म्हणून तुमच्यावर ढकललं."

आबा तिच्या ओठांकडं बघत होते. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "मग मी काय म्हणत व्हतो?" पण ते जिंकल्यासारखं नाही म्हणाले. सीटवर आत सरकले, तिला जागा केली. "बस की हितं. उन्हात कशाला उभी ऱ्हातीस." आई सीटच्या कडेला अंग चोरून बसली. मी उतरून कालव्याकडं गेलो. नंदाही आली. आम्ही दोघं पाण्याकडं तोंड करून उभे राहिलो. नंदा रडत होती.

दुपारी आई तांदूळ निवडत होती, तेव्हा नंदा म्हणाली, डॉक्टरला दाखवू, कानाचं मशीन मिळतं. आई खडे काढत म्हणाली, "ढोलकीवाल्याला ऐकू येत न्हाई म्हणून वस्तीत कळलं, तर उद्यापासून त्याला बाजूला बस म्हणतील. कारखान्यानं बसवलं तेवढं बास झालं. आणि बाई विसरली म्हणल्यावर कुणाला काय वाटतंय? बाई विसरतीच, असं म्हणतील."

ती नुसती घरात म्हणून थांबली नाही. चुलत्यांना सांगितलं, शेजारणींना सांगितलं, नळावर सांगितलं, मी ओळ विसरले होते. जिला आपण रचलेलं एकेक गाणं तोंडपाठ होतं ती बाई सगळ्या वस्तीला सांगत फिरली की मी विसरते. गळा बसलाय असं सांगून तिनं गाणं सोडलं. तिचा बारीक आवाज गेल्यावर पार्टीत पुरुषांचेच जाड आवाज उरले, आणि ते आबांना ऐकू यायचे. आबांनी पुढं बरीच वर्षं ढोलकी वाजवली आणि त्यांचा हात परत चुकला नाही. आई मांडवात पुढं बसायची, पदर डोक्यावर घेऊन, टाळ्या वाजवायची.

घरात बोलणं सुरू झालं. पण आई आता चुलीपासून बोलायची नाही. हातातलं काम ठेवून उठायची, त्यांच्या समोर यायची आणि त्या जाड आवाजात बोलायची. हळूहळू तिचा तोच आवाज झाला. भांडी घासताना गुणगुणणंही थांबलं. नंदाला खराडीत नोकरी लागली तेव्हा तिनं आईला न विचारता आबांसाठी कानाचं मशीन आणलं. आबांनी डबी उघडून बघितली, परत बंद केली. "माझे कान चांगले हायत," म्हणाले. आईकडं बघून म्हणाले. आई म्हणाली, "चांगलेच हायत." डबी कपाटात गेली. शेवटच्या दुखण्यात आईला उठून समोर येता येईना. मग आबा तिच्या उशाशी बसायचे नाहीत, पायथ्याशी बसायचे, तिचं तोंड दिसेल असे. आम्हाला वाटायचं पाय चेपायला बसतात.

आई गेल्यावर बऱ्याच दिवसांनी आबा टपरीवर आले. ते एकटे यायचे नाहीत कधी. व्हॅन तेव्हा टपरीमागं उभी असायची. इंजिन गेलेलं होतं, टायर बसले होते, पण बॅटरी मी चार्ज करून ठेवायचो आणि आतलं सगळं वाजत होतं. आबा म्हणाले, "ती कॅसेट हाय का?"

त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. कॅसेट लावली. ते सीटवर हात ठेवून ढोलकी ऐकत होते. सगळं थांबलं तसं त्यांनी बोट वर केलं. म्हणाले, "हितं गायली ती."

मी टेपचा आवाज थोडा कमी केला.

"ती ओळ इसरणारी बाई न्हवती. मला ठाऊक हाय." मग म्हणाले, "त्या दिवशी दार उघडून तोंडासमोर उभी ऱ्हायली, जाड आवाज काढून. त्याच्या आधी कधी अशी बोलली न्हवती. मला तिथंच कळलं."

"मग बोलला का नाही तिला कधी?"

"काय बोलू? तिनं एवढं दिलं. ते परत कसं करायचं?"

गाणं संपायच्या आत ते म्हणाले, "सुरुवातीपास्नं लाव. आणि बफर बंद कर."

"आबा, बफर बंद केला तर तुम्हाला काही..."

"बंद कर म्हणतो ना. माझी ढोलकी लई झाली."

मी बफरची वायर काढली. कॅसेट मागं नेऊन सुरू केली. ढोलकीचं नुसतं टपटप उरलं, आणि त्याच्यावर आईचा आवाज आला, एकटा, जसा मी लहानपणी भांड्यांच्या आवाजात ऐकायचो तसा. आबांनी सीटवरचा हात काढून मांडीवर घेतला. डॅशबोर्डच्या कोपऱ्यातल्या त्या ट्विटरकडं तोंड केलं आणि त्याच्याकडं बघत बसले, जसं समोर कुणी उभं राहून बोलताना बघतात तसं. ओळ आली, गेली. गाणं संपलं, पुढचं लागलं, तेही संपलं. मग कॅसेटची बाजू संपली आणि टेपचं बटण खट्‌कन वर आलं. तो बारीक आवाज आबांना ऐकू गेला नाही. ते तसेच बसून राहिले, त्या कोपऱ्याकडं बघत. संपलंय म्हणून मी त्यांना सांगितलं नाही.